काचेतलं रान

कळंबच्या बसस्टँडवरून देवळाकडे निघालं की डाव्या हाताला गुल्हाने कृषी सेवा केंद्र लागतं. आता ते पुतण्या चालवतो, पण गावाच्या तोंडी अजून ते 'सदाशिवरावाचं दुकान'च आहे, आणि पुतण्याने ते निमूट ऐकून घ्यायची सवय करून घेतली आहे. सदाशिवराव गुल्हान्यांनी या दुकानात उभी हयात बियाणं, खत आणि फवारणीची औषधं विकली. शेतकरी पिशवीतून कपाशीचं पान घेऊन यायचे. सदाशिवराव चष्मा कपाळावर चढवायचे, पान उलटं करून बघायचे आणि किडीचं नाव सांगून बाटली काउंटरवर ठेवायचे. वर उपदेश फुकट. "वरून नको मारू. पानाच्या खालून मार. कीड बसते खाली, अन् तू नुसती पानं धुऊन येतं घरी." समोरचा विशीतला असो की साठीतला, बोलणं हेच. नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस, आणि बसलीच तर तिच्यावर काय चालतं हेही त्याला ठाऊक.

अशा माणसाच्या घरात गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन पाली राहायला आल्या.

भिंतीवरून सरपटत आल्या नाहीत. पुण्याहून गाडीने, जाळीच्या डब्यात बसून, सदाशिवरावांच्या मुलीच्या मांडीवरून आल्या. निकिता त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. कंपनी तिला दीड-दोन वर्षांसाठी नेदरलँड्सला पाठवत होती. तिने भाड्याचा फ्लॅट सोडला, भांडीकुंडी मैत्रिणींना वाटून टाकली आणि पाली घेऊन वडिलांच्या दारात उभी राहिली.

"पाल नका म्हणू न बाबा. क्रेस्टेड गेको म्हणतात यांना. सगळी नोंदणी करून पाळल्या आहेत मी."

"पाल ते पालच," सदाशिवराव म्हणाले, पण डब्यात डोकावलेच. घरच्या पालीपेक्षा गुबगुबीत, डोकं रुंद, आणि डोळ्यांवरून मानेपर्यंत मऊ काट्यांची झालर. पापण्या नव्हत्या. डोळ्यात धूळ गेली की जीभ बाहेर काढून डोळा पुसायचा, हा प्रकार बघून सदाशिवरावांनी दोनदा चष्मा काढून पुन्हा लावला. लालसर तपकिरी होती ती चिंच, पिवळसर हिरवी होती ती कैरी. नावं निकिताने ठेवलेली.

खरं तर त्या नागपूरला कपिलकडे जायच्या होत्या. कपिल निकिताचा कॉलेजातला मित्र, असलेच प्राणी पाळणारा. पण त्याच्या घराचं बांधकाम चालू होतं, खोल्यांना दारंसुद्धा बसली नव्हती. "त्याचं घर होईपर्यंत फक्त," निकिता म्हणाली. "अन् काही झालं, थोडं जरी काही झालं, तरी मले लगेच सांगा. कपिल येऊन घेऊन जाईन."

सदाशिवराव 'हो' म्हणाले तेव्हा स्वयंपाकाला येणाऱ्या इंदूबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "पाल अंगावर पडली त डोक्यावरून पानी घ्या लागते, अन् तुम्ही घरात पाळून राह्यले!" तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नव्हतं. सदाशिवरावांना पालींचं प्रेम नव्हतंच. त्यांनी 'हो' म्हटलं ते मुलीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं म्हणून.

या घरात फोन शैलजाबाईंचा होता. शैलजाबाई म्हणजे सदाशिवरावांच्या पत्नी. निकिताचा फोन आला की मायलेकी तास तास बोलत, आणि सदाशिवराव पलीकडच्या खोलीत पेपर उघडा धरून ऐकत. शेवटी शैलजाबाई ओरडून विचारायच्या, "बोलता का पोरीशी?" आणि हे म्हणायचे, "बोलली न तू, झालं." शैलजाबाई गेल्या आणि ही सोय संपली. मग रविवारी फोन यायचा. तब्येत बरी? बरी. गोळ्या घेतल्या? घेतल्या. पाऊस? नाही अजून. मग दोघंही काही वेळ गप्प राहत आणि निकिता म्हणे, "ठेवू मग?" फोन ठेवल्यावर सदाशिवरावांना वाईट वाटे. आणखी बोलावंसं असे, पण काय बोलावं ते सुचत नसे.

पाली आल्यावर फोन रोज येऊ लागला, तोही चेहरा दिसणारा. कळंबला दिवेलागण झाली की पाली जाग्या होत आणि तेवढ्यात फोन वाजे. कैरीने खाल्लं का, किती खाल्लं, चिंचेने कात टाकली का, पाणी शिंपडलं का. सदाशिवराव साग्रसंगीत सांगत. फळांची भुकटी पाण्यात कालवून बाटलीच्या झाकणात ठेवायची, ती त्यांनी शेतकऱ्याला औषधाचं प्रमाण सांगावं तशी तिलाच उलट समजावून सांगितली. निकिता हसली. तिला हसवणं आपल्याला जमतं, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. काही दिवसांनी इंदूबाईच्या लक्षात आलं की फोनच्या आधी हे तोंड धुतात आणि केस विंचरतात.

मुलीने कैक वर्षं सांगूनही त्यांनी घरात एसी बसवू दिला नव्हता, कूलर बस आहे म्हणायचे. या पालींना मात्र ऊन सोसत नाही, माणसाला गार वाटेल एवढंच त्यांना चालतं. तेव्हा एप्रिलात मधल्या खोलीत एसी लागला. भर दुपारी सदाशिवराव पालींसाठी लावलेल्या एसीत पालींशेजारी झोपत आणि पुतण्याला सांगत, "त्याईच्यासाठी आहे, मले काय गरज."

सगळं ठीक चाललं होतं. घोडं अडलं ते पाण्याच्या बाटलीपाशी.

संध्याकाळी पाली राहतात तिथं पाणी शिंपडावं लागतं. भिंतीवरचे थेंब चाटून पाली पाणी पितात आणि हवा ओलसर राहते. निकिताने त्यासाठी एक लहानशी फवाऱ्याची बाटली दिली होती, न्हाव्याकडे असते तशी. तिचं बटण बिघडलं. सदाशिवरावांच्या घरात फवारायला साधन नाही असं कसं होईल? त्यांनी दुकानातून फवारणीचा हातपंप आणला, कोरा करकरीत, तरी साबणाने तीनदा धुतला. दट्ट्या मारून हवा भरली. तेव्हा पाली उंच प्लॅस्टिकच्या टबात राहत होत्या. तळाला कागद, अंड्यांचे ट्रे, मधोमध मनीप्लांटची कुंडी. सदाशिवराव टबावर वाकले आणि उभ्या आयुष्याची सवय हातात आली. नळी पानाखाली घातली आणि खालून वर धार सोडली.

चिंच त्याच पानाखाली बसली होती.

धार पोटावर बसताच ती उडाली आणि टबाच्या भिंतीला जाऊन चिकटली. खाली कागदावर तिची शेपटी राहिली होती आणि ती एकटीच वळवळत होती. सदाशिवराव बघत राहिले. मग त्यांनी पंप खाली ठेवला, शेपटी कागदात गुंडाळली आणि परसात पुरून आले.

ते घाबरले असं म्हणता येणार नाही. पालीची शेपटी तुटते आणि परत येते, हे कोणाला माहीत नाही? लहानपणी त्यांनीच दगड मारून कितीतरी तोडल्या होत्या. महिनाभरात नवी येईल. तोवर कशाला बोभाटा करायचा? निकिताला सांगितलं तर ती कपिलला सांगेल, कपिलची दारं बसली असोत की नसोत, तो गाडी घेऊन येईल आणि टब उचलून नेईल. मग दिवेलागणीला फोन कशाचा येणार? पुन्हा रविवार आणि गोळ्या.

"पोरीले सांगा," इंदूबाई म्हणाली.

"कायले सांगू? येईन न दुसरी."

त्या संध्याकाळी त्यांनी फोन इतका जवळ नेला की पडद्यावर चिंचेचा एक डोळा आणि जिभेचं टोक एवढंच मावलं.

"किती जवळ धरता बाबा! काहीच दिसत नाही."

"तब्येत पाह्य न तिची. डोळे कसे तकतकीत आहेत."

वेळ मारून नेली. पण उघड्या टबात, पांढऱ्या कागदावर, बिनशेपटीची पाल लपवायची कुठे आणि किती दिवस? दोन-तीन दिवस 'झोपली आहे', 'ट्रेखाली शिरली आहे' करून काढल्यावर सदाशिवरावांनी जाहीर केलं, "हा टब काही बरोबर नाही. मी याईच्यासाठी रान करतो. काचेच्या पेटीत. खरी माती, खरी झाडं."

निकिता आनंदाने ओरडलीच. तिला केव्हापासून तसंच हवं होतं, पण फ्लॅटमध्ये जागा नव्हती. तिने त्याच दमात सांगायला सुरुवात केली, आणि फोन अर्ध्या तासावरून तासावर गेला. सदाशिवरावांना हवं होतं आडोशाचं रान. निकिताला हवं होतं खरं. काम दोघांचं एकच झालं.

पेटी बाबूसिंगने केली. बाबूसिंग तांड्यावरचा, कळंबात अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. आडवी नको, उभी पाहिजे, वर जाळी, समोर दार, असं सांगितल्यावर त्याने विचारलं, "कपाट करायचं का काका?" "पालीचं घर," सदाशिवराव म्हणाले. बाबूसिंगने पुढे काही विचारलं नाही, पण काम झाल्यावर पेटी पोचवायला स्वतः आला आणि चहा घेईपर्यंत दोन्ही पाली बघून गेला.

तळाला आधी नदीतली बारीक गिट्टी. "गिट्टी कायले?" सदाशिवरावांनी विचारलं. "जास्तीचं पाणी खाली उतरलं पाहिजे, नाहीतर मुळं सडतात," निकिता म्हणाली. सदाशिवराव फोनकडे बघतच राहिले. "म्हणजे निचरा म्हण न! हे मी लोकाईले जन्मभर सांगून राह्यलो." मग त्यांनी काळ्या जमिनीत चर कसे काढतात ते तिला सांगितलं, आणि तिने सगळं ऐकून घेतलं, मधेच प्रश्नही विचारले. आईसारखी मान तिरपी करून ती ऐकते, हे त्यांनी तेव्हा पाहिलं.

गिट्टीवर मच्छरदाणीचं कापड, त्यावर माती, वाळू आणि नारळाचा भुसा. मागच्या काचेला सागाची साल. जाड-बारीक बांबू आडवे-तिरपे. झाडं मात्र सदाशिवरावांनी आपल्या मनाने लावली. मनीप्लांट, नेचे, रुंद पानांचं जे मिळेल ते, आणि सगळं समोरच्या काचेला लागून.

आता राहिले किडे. रान खरं असेल तर जमिनीत बारीक जीव पाहिजेत, ते पालींची घाण आणि बुरशी खाऊन माती साफ ठेवतात, असं निकिताचं म्हणणं. कपिलने नागपूरहून एक डबी पाठवली. आत कोळशाच्या तुकड्यांवर पांढरे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे टणाटण उड्या मारत होते.

"म्हणजे मी आता किडे पाळायचे," सदाशिवराव म्हणाले.

"हो, अन् मारायचे नाहीत," निकिता म्हणाली, आणि दोघंही हसले.

डबी मातीवर रिकामी केली. माती परसातली होती, काळी, भुसभुशीत, चाळून घेतलेली. चार दिवसांनी सदाशिवरावांनी दुकानातलं भिंग आणलं, ज्याने ते पानावरचे कोळी बघत. मातीत काहीही हलत नव्हतं. कपिलने दुसरी डबी पाठवली. यांनी ती माती टाकून दिली आणि चुलत भावाच्या वावरातून नवी आणली. पुन्हा तेच झालं.

कोणी सांगायची गरज नव्हती. परसात वर्षानुवर्षं नमुन्याचे पंप धुतले गेले होते, गळक्या बाटल्या उपड्या केल्या गेल्या होत्या. आणि चुलत भावाला काय काय विकलं ते सदाशिवरावांना तोंडपाठ होतं.

"बाबा, औषधाची माती असेल ती," निकिता हळूच म्हणाली.

"असन."

एवढंच ते बोलले. रात्रीचं जेवण मात्र कमी झालं, आणि इंदूबाईने भाजी खारट झाली का म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसून मनातल्या मनात शिवार फिरले. नदीकाठचं वावर, टेकाडावरचं, नाल्यापलीकडचं. प्रत्येक वावराचा मालक डोळ्यासमोर येई आणि त्याच्या हातातली पिशवीही. कधीच काही मारलं नाही अशी एकच जागा त्यांना आठवली, ती म्हणजे स्मशानामागची करंजाची झाडं. तिथं कोण कशाला फवारायला जाईल? सकाळी उन्हं चढायच्या आत ते घमेलं आणि खुरपं घेऊन निघाले.

झाडाखाली पानांचा थर होता. तो बाजूला केला तसे खाली सगळे पळू लागले. गोल होणारे, उड्या मारणारे, नुसतेच लाल ठिपके, पारदर्शक पायांचे काहीतरी. सदाशिवराव उकिडवे बसून बघत राहिले. यातल्या बहुतेकांची नावं त्यांना माहीत नव्हती, कारण त्यांच्यावरची औषधं कधी विकली नव्हती. गुडघे दुखायला लागले तरी उठावंसं वाटेना. मग एक बाई सरपण घेऊन जाताना थांबली, "काय करता बाप्पा इथं?" आणि यांनी माती भरून घेतली.

संध्याकाळच्या आत गावभर झालं. पाली पाळल्या, आता मसणातली माती आणली. इंदूबाईने पदर खोचला आणि दारातच उभी राहिली. "मी नाही येत आता. लोक म्हनते, सदाशिवराव काहीतरी करून राह्यले."

"लोकाईले सांग, मले लोकाईचं काही करायचं असतं त दुकानात बसून केलं असतं. मसणात कायले जाऊ?"

इंदूबाईला ते पटलं की नाही कोण जाणे, पण दोन दिवस रुसून ती परत आली. आल्याबरोबर पेटीसमोर उभं राहून म्हणाली, "झाडं त झकास लागली." त्या मातीत कपिलच्या तिसऱ्या डबीतले किडे जगले. पावसाळा संपेपर्यंत नेच्यांनी बांबू झाकले, सालीवर शेवाळ धरलं, आणि पेटीजवळ गेलं की पाऊस पडून गेल्यासारखा वास येऊ लागला. चिंच आणि कैरी दिवसा पानांत दिसेनाशा होत आणि अंधारू लागलं की बांबूवरून खाली उतरत. सदाशिवराव आता फोन नसतानाही तिथं खुर्ची टाकून बसत.

सगळं वाढलं. शेपटी वाढली नाही.

तुटल्या जागी एक गोल टेंगूळ झालं आणि तेवढ्यावरच थांबलं. महिना झाला, मग श्रावण गेला, पोळा गेला. सदाशिवराव भिंग लावून बघत. शेवटी त्यांनी कपिलला फोन केला आणि ताकास तूर लागू न देता विचारलं, "समजा, एखाद्याच्या अशा पालीची शेपटी तुटली, तर यायले किती दिवस लागते?"

"येत नाही काका," कपिल म्हणाला. "आपल्या घरच्या पालीची येते. यांची एकदा गेली की गेली. का, काय झालं?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवल्यावर त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर ते स्वतःला सांगत होते की आपण लपवत नाही, थांबलो आहोत. आता थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज सांगतो, असं ते रोज संध्याकाळी ठरवत. निकिता पडद्यावर येई, मान तिरपी करी, "काय म्हणतं रान?" म्हणे, आणि ठरवलेलं राहून जाई. मग ते फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने पान पुढे ओढत. चिंच पाठमोरी बसते तिथं तिथं त्यांनी एकेक झाड वाढवलं.

"बाबा, किती झाडं ती! चिंच दिसतच नाही."

"रान असंच असते."

दिवाळीनंतर निकिता म्हणाली, कपिलचं घर झालं. "तो म्हणते, आता घेऊन जातो. तुमच्या मागची कटकट तरी जाईल."

"मी केली का तक्रार?" सदाशिवराव एकदम उसळले. "तुले कोण म्हणालं कटकट? कपिल म्हणाला का? त्याईले काय होऊन राह्यलं इथं?"

पलीकडे निकिताने मान तिरपी केली. मग म्हणाली, "बरं. वर्षाच्या शेवटी सुट्टीत येऊन राह्यली मी. आल्यावर पाहू."

आल्यावर पाहू, म्हणजे आल्यावर दिसणार. ते दिवस सदाशिवरावांना जड गेले. दुकानात जाऊन ते पुतण्यावर विनाकारण खेकसले. एकदा तर पेटीत आणखी एक रोप लावायला गेले, पण जागाच नव्हती.

निकिता आली ती थंडी घेऊन. एसी बंद, अंगावर शाल. प्रवासाचं सामान तसंच ठेवून ती पेटीसमोर खाली बसली. सदाशिवराव मागे उभे राहिले. बाहेर देवळाकडे जाणाऱ्या गाड्यांचे आवाज कमी झाले, खोलीत अंधारून आलं आणि नेच्याची पानं हलली. कैरी वरच्या बांबूवर आली. मग चिंच आली. ती थेट समोरच्या काचेवर चढली, चारही पाय पसरून चिकटली आणि शेपटी नसलेलं तिचं मागचं अंग उघडं पडलं. आडोशाला लावलेलं एकही झाड मधे आलं नाही.

"पंपाची धार लागली तिले," सदाशिवराव म्हणाले. "मी पानाखालून मारली. तुले सांगितलं नाही. मले वाटलं, येईन परत."

"माहीत आहे मले," निकिता म्हणाली.

"कपिल बोलला?"

"नाही. त्याच दिवशी पाह्यलं मी. तुम्ही कॅमेरा चालू करून चष्मा शोधत होते. टबात ती पाठमोरी बसली होती." ती अजून काचेकडेच बघत होती. "काही नाही होत बाबा. रानात मोठ्या झालेल्या बहुतेक अशाच असतात, बिनशेपटीच्या. चांगल्या जगतात."

सदाशिवरावांनी खुर्ची ओढली आणि बसले. इतके महिने पुढे ओढलेली पानं त्यांच्या डोळ्यासमोरून गेली. त्यांना आधी लाज वाटली, मग राग आला.

"मग काहून नाही बोलली तू? मी रोज इकडं वेड्यावानी फोन फिरवून राह्यलो!"

निकिताने मान वळवली.

"बोलली असती तर तुम्ही म्हटलं असतं, घेऊन जा, मले नाही जमत. गेल्या असत्या त्या कपिलकडे. मग मी रोज कायचा फोन केला असता तुम्हाले? आई गेल्यावर तुमच्याशी काय बोलावं, तेच समजत नव्हतं मले. दर रविवारी फोन ठेवला की रडू यायचं."

इंदूबाई आत दिवा लावत होती, तिने दारातून पाहिलं आणि परत स्वयंपाकघरात गेली. सदाशिवराव पंच्याने चष्मा पुसत बसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. इतक्या महिन्यांत पाली काय खातात, किती खातात, कोणत्या वेळी खातात, हे सगळं त्यांनी या मुलीला सांगितलं होतं. तिला मात्र एकदाही काही विचारलं नव्हतं.

"तिकडं तू जेवतं काय?" त्यांनी विचारलं.

निकिताने त्यांच्याकडे पाहिलं. मग शाल सावरून ती त्यांच्याकडे तोंड करून बसली आणि सांगायला लागली. डबा कोण करतं, भाकरीचं पीठ कुठून मिळतं, एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा कसा येतो. सदाशिवराव मधे मधे विचारत होते. चिंच काचेवरच होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.